बिनगुठळीचा पेला

सकाळपासून तिसऱ्यांदा केवळाबाईने पेला रामकिशनच्या ओठाला लावला आणि तिसऱ्यांदा रामकिशनने ओठ मिटून घेतले. नुसते मिटले नाहीत, मानही भिंतीकडे फिरवली. लकव्याने त्याचं उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, बोलणं गेलं. हट्ट मात्र जागच्या जागी राहिला. देव माणसाचं काय नेईल आणि काय ठेवील, याचा काही नेम नाही.

"अवो, प्या की एवढं," केवळाबाई म्हणाली. "दोनच घोट. दवाखान्याच्या मॅडमनं काय सांगितलंय? रोजचे सहा पेले गेले पायजेत. न्हाई तर पंधरा तारखेला पोटाला भोक पाडून नळी घालतेत. पोटाला! ऐकू येऊन राहिलं का?"

ऐकू सगळं येत होतं. रामकिशनचे कान शाबूत होते आणि अक्कलही. त्याने डावा हात उचलला, अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर चोळली, पेल्याकडे बघितलं आणि आधीच वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं केलं.

"तंबाखू न्हाई मिळायची," केवळाबाई कडाडली. "हितं जिवावर बेतलंय आन् ह्यांना तंबाखू पायजे!"

रामकिशनने डोळे मिटून घेतले. पेला तसाच राहिला. पंधरा तारीख चार दिवसांवर आली होती आणि आदल्या दिवशी त्याच्या पोटात जेमतेम दोन पेले गेले होते. जीभ कोरडी पडलेली, लघवी पिवळीजर्द. नळीचं नावही केवळाबाईला ऐकवत नव्हतं, कारण नाकातली नळी तिने बघितली होती. वीस दिवस नाकात नळी घेऊन पडलेला नवरा तिच्याकडे बघायचा तेव्हा तिला वाटायचं, हा मला म्हणतोय की मला घरी ने, नाही तर सोड.

आता हा रामकिशन कोण, ते सांगितलं पाहिजे. मुखेडपासून तीन कोसांवर तांबडमाळ नावाचं खेडं आहे, तिथला हा सहा एकरांचा शेतकरी. पण पंचक्रोशीत त्याला कोणी शेतकरी म्हणून ओळखत नव्हतं. लग्न असो, सप्त्याची पंगत असो, नाही तर तेरावं असो, आमटी रामकिशनच्या हातची. आमटी म्हणजे येसराची. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ उकळत्या फोडणीत पडलं, की आमटीला अंग येतं. कुणाचीही येसर-आमटी एक तर पाणचट होते, नाही तर तिच्यात गुठळ्या होतात. रामकिशनच्या हजार माणसांच्या कढईत चाळीस वर्षांत गुठळी म्हणून सापडली नाही. एकदा एका व्याह्याने गंमत म्हणून पैज लावली होती, की पंगतीत कुणाच्या वाटीत गुठळी निघाली तर आचाऱ्याला फेटा नाही. व्याह्याला स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून द्यावा लागला.

त्याच्या जोडीला कायम शिवप्पा असायचा. देगलूरकडचा, पण मुखेडात स्थायिक झालेला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, उंची कमानीला लागेल एवढी, आणि बोलण्यात मधूनमधून कानडी. भात आणि भजी शिवप्पाची, आमटी रामकिशनची. दोघांची भांडणं अख्ख्या पंगतीला ऐकू जायची आणि पंगत उठली की दोघं एकाच पत्रावळीवर बसायचे. शेवटचा पाहुणा हात धुऊन उठेपर्यंत मात्र दोघांनीही घास तोंडात घातलेला कुणी पाहिला नाही.

अशाच एका लग्नात, कढईपुढे उभा असताना रामकिशनच्या हातातून पळी गळून पडली. शिवप्पाने त्याला धरलं म्हणून तो कढईत पडला नाही. नांदेडला नेलं. जीव वाचला. वीस दिवसांनी नाकातली नळी काढली आणि मनस्विनी मॅडम त्यांच्या खाटेशी आल्या. बोलणं आणि गिळणं शिकवणाऱ्या या मॅडम वयाने त्यांच्या मुलाएवढ्या, वैजनाथएवढ्या असतील, पण केवळाबाईचा हात हातात घेऊन अशा बोलायच्या, की माहेरची कुणी भेटल्यासारखं वाटावं.

"मावशी, पाणी पळतं," त्या म्हणाल्या होत्या. "काकांचा गळा आता हळू झालाय. गळा सावध व्हायच्या आत पाणी तिथं पोचतं आणि चुकीच्या दारातून छातीत जातं. म्हणून पाणी, चहा, ताक, जे काही पातळ असेल ते घट्ट करून द्यायचं. घट्ट झालं की ते सावकाश चालतं. तेवढ्यात गळ्याला दार लावता येतं."

मग त्यांनी डबा दाखवला. पांढरी पावडर. एका पेल्याला सपाट तीन चमचे. थोडी थोडी भुरभुरायची, ढवळत राहायचं, आणि मग पाच मिनिटं हात लावायचा नाही. ठेवल्यावरच ती घट्ट होते. शिवाय बिनसुईची एक सिरिंज दिली. तळाशी बोट लावून दहाच्या आकड्यापर्यंत भरायची, बोट काढायचं, दहा मोजायचे. आत चार ते आठच्या मध्ये उरलं, की घट्टपणा बरोबर. केवळाबाईने प्रत्येक वाक्याला मान हलवली. मान हलवणं आणि समजणं यांत नांदेड ते मुखेडएवढं अंतर असतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा जे चुकलं, ते न समजल्यामुळे चुकलं नव्हतं. ते मायेपायी चुकलं.

लग्न झाल्यापासून दोघांचा सकाळचा चहा एकत्र व्हायचा. रामकिशन पहाटे कुठल्याही गावाहून पंगत उरकून येवो, बशीतला पहिला भुरका केवळाबाईसमोर बसूनच मारायचा. घरी आल्यावर पाचव्या दिवशी वैजनाथ रानात गेलेला, सून बाळंतपणाला नायगावला माहेरी, घरात दोघंच. केवळाबाईने आपल्यापुरता चहा टाकला. वास आला तसा रामकिशन पातेल्याकडे बघू लागला. बघता बघता त्याचे डोळे भरले. तोंडातून कसला तरी आवाज काढून त्याने डावा हात पुढे केला. अख्ख्या मराठवाड्याला जेवू घातलेला माणूस बशीभर चहासाठी हात पसरतोय, हे तिला बघवलं नाही. दोन चमचे दिले. काही झालं नाही. मग सगळी बशी दिली. थोडासा ठसका लागला, तेवढंच. रामकिशन हसला. लकव्यानंतर पहिल्यांदा.

त्याच दिवशी दुपारी शिवप्पा भेटायला आला, तासभर बसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी रामकिशन तापाने फणफणला, छाती वाजू लागली. पुन्हा नांदेड, पुन्हा नाकात नळी. डॉक्टरांनी विचारलं, "पातळ काही दिलं होतं का?" वैजनाथने आईकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाला, "माय, काल शिवप्पाकाका आला व्हता. त्यानं पाजला ना चहा? बशी पडली व्हती खाटंखाली."

केवळाबाई काही बोलली नाही. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. न बोलण्याचा जो अर्थ व्हायचा तो झाला. वैजनाथने तिथूनच शिवप्पाला फोन लावला आणि आमच्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नको म्हणून सुनावलं. नऊ दिवसांनी रामकिशन वाचून घरी आला. शिवप्पा आला नाही.

तेव्हापासून केवळाबाईच्या हातात भीती शिरली. मॅडमचे तीन चमचे, आणि भीतीचे वर दोन. पेल्यात आधी पावडर टाकायची, बेसन कालवतात तसं घोटभर पाण्यात कालवायची, मग वरून पाणी ओतायची. ढवळून बघितलं की पातळच दिसायचं. पातळ दिसलं की आणखी एक चमचा पडायचा. मनधरणी करून पेला ओठाला लागेपर्यंत त्याची अशी खळ व्हायची, की भिंतीला कागद चिकटवावा. सिरिंज तर फडताळात जशीच्या तशी होती. तिच्यातून काही खाली उतरलंच नसतं. आणि त्या दिवसापासून तिने स्वतःही चहा तोंडाला लावला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायची, पित्त होतं.

दुपारी वैजनाथच्या मोबाइलवर मनस्विनी मॅडमचा फोन आला, चेहरा दिसणारा. त्यांनी रामकिशनची जीभ बघितली आणि किती पेले गेले ते विचारलं.

"का पीत नाहीत काका?"

"हट्टी हायेत," केवळाबाई म्हणाली.

"हट्टी माणसालाही कारण असतं, मावशी. बोलता येत नाही म्हणजे सांगायचं काही नसतं असं नाही. त्यांना विचारा. आणि सांगायला वेळ द्या."

फोन ठेवल्यावर केवळाबाई खाटेपाशी जमिनीवर बसली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याला असं समोर बसून विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. विचारायची वेळच यायची नाही. एक कामात, दुसरा घाईत.

"सांगा," ती म्हणाली. "तुमाला काय पायजे? मी वरडत न्हाई."

रामकिशनने पेल्याकडे बोट केलं. पुन्हा ती तीन बोटं चोळली. केवळाबाईने दात आवळले, पण बोलली नाही. मग त्याने हात दाराकडे केला. आणि मग, सावकाश, डाव्या हाताची तीन बोटं स्वतःच्या कपाळावरून आडवी ओढली.

विभूतीचे तीन पट्टे.

केवळाबाईला कळलं. दीड महिना हा माणूस दाराकडे बघत होता. तिला वाटायचं, उजेड बघतोय.

संध्याकाळी वैजनाथ बैलांना वैरण टाकून आला, हातपाय धुतले, तशी ती त्याच्यापुढे उभी राहिली.

"वैजू, चहा शिवप्पानं न्हाई पाजला. म्या पाजला."

वैजनाथच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "कवा?"

"त्या दिवशी. सकाळीच. शिवप्पा यायच्या आदी."

"आन् मंग मला सांगितलं कामून न्हाई?"

"तू दवाखान्यात भिताडाला डोकं लावून रडत व्हतास. म्हणलं, आता हे कळलं तर माझं तोंड बघायचा न्हाई हा. भ्याले रे बाबा. लई भ्याले."

वैजनाथ ओट्यावर बसला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. शेवटी तो म्हणाला, "म्या काय काय बोललो त्या माणसाला, माय. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

"तू नगं जाऊ," केवळाबाई म्हणाली. "चूक मव्ही, तोंड पण मव्हंच जाईल."

दुसऱ्या दिवशी मुखेडचा बाजार होता. वैजनाथला बापाजवळ बसवून केवळाबाई सकाळच्या एसटीने निघाली. बाजारात शिवप्पाचं भज्यांचं पाल कुठं असतं, हे तिला विचारावं लागलं नाही. वासच घेऊन गेला. शिवप्पा झाऱ्याने भजी उलटत होता. तिला बघितलं आणि त्याचा हात थांबला, पण नजर कढईवरच राहिली.

"कसाय रामकिशन?" त्याने कढईलाच विचारलं.

गिऱ्हाईक उभं होतं, शेजारी मिरच्यांचा ढीग मांडून बाई बसली होती. केवळाबाई ठरवून आणलेलं सगळं बोलणं तिथंच विसरली. ती एवढंच म्हणाली, "शिवप्पाभाऊ, चहा म्या पाजला व्हता. नाव तुमच्यावर गेलं आन् म्या जाऊ दिलं."

मिरच्यावाल्या बाईनेही मान वर केली. शिवप्पाने भजी काढली, निथळली, गिऱ्हाइकाला कागदात बांधून दिली. मग झारा ठेवला आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"वैनी, दीड महिना म्या रोज इचार करायलो," तो म्हणाला. "म्या काय पाजलं त्याला? म्या तर पाणीबी दिलं न्हाई. पण वैजू इतकं ठासून बोलला, की माझं मलाच वाटाया लागलं, दिलं असंल. बोलता बोलता दिलं असंल. रोज झोपताना वाटायचं, आपल्या हातानं दोस्त मारला असता."

केवळाबाईने पदर तोंडाला लावला. काही माफ्या मागता येत नाहीत, कारण मागायला गेलं की त्या तोंडाएवढ्या लहान होतात.

"रडू नका," शिवप्पा म्हणाला. "पिऊन राहिला का न्हाई तो आता?"

"न्हाई. तेच तर. तोंडच उघडंना. तीन दिसांनी न्हेऊन पोटात नळी घालतेत. आन् तुमाला बोलावलंय त्यांनी. असं करून." तिने तीन बोटं कपाळावरून ओढून दाखवली.

शिवप्पाने चूल विझवली. भिजवलेलं पीठ मिरच्यावाल्या बाईच्या हवाली केलं आणि धोतराला हात पुसले. "चला," म्हणाला. माफ केलं असं काही तो बोलला नाही. नंतरही कधी बोलला नाही.

घरात शिरताना शिवप्पाला कमानीखाली वाकावं लागलं. खाटेवरच्या रामकिशनने त्याला बघितलं आणि तोंडातून असा काही आवाज काढला, की गोठ्यातल्या बैलाने कान टवकारले. वैजनाथ उठला आणि शिवप्पाच्या पायाशी वाकला. शिवप्पाने त्याच्या पाठीत एक दणका घातला, जरा जोरातच, आणि तो हिशेब तिथंच मिटला.

"काय पाजायलात ह्याला? दाखवा," शिवप्पा म्हणाला.

केवळाबाईने सकाळचा पेला पुढे केला. शिवप्पाने त्यात चमचा घातला, वर उचलला, तिरका केला. चमच्यावरून काहीच पडेना. मग एक गोळा सुटला आणि पेल्यात धप्पकन आपटला. शिवप्पाने तो बोटांत धरून दाबला. आतून कोरडी पांढरी पावडर निघाली.

"अय्यो शिवा!" शिवप्पा ओरडला. "गुठळी! रामकिशनला गुठळी पाजून राहिले तुमी?"

खाटेवर रामकिशनने डावा हात उचलून जोरजोरात ती बोटं चोळली. अंगठा आणि दोन बोटं. मग बोटं चोळता चोळता हात गोल फिरवला, न दिसणाऱ्या कढईवर.

"बगा, बगा काय सांगायला तो!" शिवप्पाच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू एकदमच आलं. "तंबाखू न्हाई वैनी, येसर! चिमटीनं सोडा म्हणतोय. येसर टाकायचं तर ढीग करून न्हाई. चिमटीतून पाऊस पाडायचा, आन् पळी थांबू द्यायची न्हाई. चाळीस वर्सं माझ्या कानीकपाळी वरडलाय हा. आन् तुमी त्यालाच..." पुढचं त्याला हसण्यात बोलता आलं नाही.

केवळाबाईच्या आता लक्षात आलं. एवढे दिवस माणूस हातवारे करून आपलं सगळं ज्ञान सांगत होता आणि आपण त्याला तंबाखूवरून शिव्या देत होतो. तिला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

मग आचाऱ्यांचं काम सुरू झालं. शिवप्पाने उत्साहाच्या भरात मुठीने पावडर घ्यायला हात घातला, तेव्हा केवळाबाई पहिल्यांदा ठाम बोलली. "माप मॅडमचंच राहील. सपाट तीन चमचे. हात तुमचा चालवा, माप न्हाई." शिवप्पाने निमूट मान हलवली. तीन चमचे वाटीत काढले आणि वाटी रामकिशनच्या मांडीवर ठेवली. वैजनाथने बापाला उशा लावून ताठ बसवलं. केवळाबाईने पेल्यात पाणी घेऊन चमचा फिरवायला सुरुवात केली, आणि रामकिशनने डाव्या हाताची चिमूट वाटीत घातली.

डाव्या हाताला या कामाची सवय नव्हती. पहिली चिमूट अर्धी चादरीवर पडली. वैजनाथ पुढे होऊ लागला, तर शिवप्पाने त्याला मागे ओढलं. चादरीवर पडलं तेवढं वाटीत पुन्हा घातलं. दुसरी चिमूट पेल्यात पडली, भुरभुर, जशी बाजेवरून धूळ पडावी. तिसरी. चौथी. केवळाबाईचा चमचा जरा मंदावला, की रामकिशन घशातून गुरगुरायचा, आणि ती "हाव, हाव, फिरवते" म्हणत हात वाढवायची. वाटी रिकामी झाली. पाणी अजून पातळच दिसत होतं. केवळाबाईचा हात आपोआप डब्याकडे गेला.

रामकिशनने तो धरला. त्याच्या एका चांगल्या हाताने तिचा हात धरून ठेवला आणि सोडला नाही. येसर घातलेल्या आमटीला उकळी यायला वेळ द्यावा लागतो, एवढं तर त्याला कुणी शिकवायला नको होतं. पाच मिनिटं चौघंही पेल्याकडे बघत बसले. वैजनाथ मोबाइलवर वेळ बघत होता. पाच मिनिटं केवढी मोठी असतात, हे केवळाबाईला त्या दिवशी कळलं.

मग शिवप्पाने पळी मागितली. पळीत थोडं घेऊन तिरकी केली. तुटक थेंब पडले नाहीत, गोळाही पडला नाही. एक जाडसर, सलग, आळशी धार खाली उतरली. रामकिशनने धारेकडे बघितलं आणि एकदा मान खाली-वर केली. पंगत बसवा म्हणायच्या वेळी तो असाच मान हलवायचा.

"थांबा," केवळाबाई म्हणाली आणि फडताळातून सिरिंज घेऊन आली. "मॅडमचं पण बघू." वैजनाथने दहापर्यंत भरली, बोट काढलं. चौघांनी मिळून दहा मोजले. आत सहा उरलं. चार आणि आठच्या बरोबर मध्ये. शिवप्पाने एकदा सिरिंजकडे आणि एकदा पळीकडे बघितलं आणि म्हणाला, "हे नांदेडचं यंत्र बरं हाय. आपल्या पळीएवढंच सांगतं."

हनुवटी जरा खाली घेऊन, मॅडमने शिकवलं तसं, रामकिशनने पहिला घोट घेतला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ठसका नाही. दुसरा घोट. तिसरा. थांबत थांबत, मधे दम घेत, पेला रिकामा झाला. तळाशी एक गुठळी नव्हती. त्याने पेला तिच्यापुढे धरला. अजून पाहिजे होतं.

त्या दिवशी चार पेले गेले. दुसऱ्या दिवशी सहा, त्यांतला एक लिंबाच्या सरबताचा. तिसऱ्या दिवशी सात. शिवप्पा मुक्कामाला राहिला होता. रोज सकाळी तीन चमचे वाटीत मोजून द्यायचा आणि रामकिशनची चिमूट चालायची. केवळाबाईनेही एकदा एकटीने पेला तयार केला. रामकिशनने पळी तिरकी करून बघितली. मग मान हलवली. बेचाळीस वर्षांत त्याने तिच्या कुठल्याही रांधण्याला एवढ्या सहज पास केलं नव्हतं.

पंधरा तारखेला नांदेडला मनस्विनी मॅडमने जीभ बघितली, छाती तपासून घेतली, वजन केलं आणि कागदावर एक ओळ खोडली. "नळीची गरज नाही," त्या म्हणाल्या. केवळाबाईने त्यांचे दोन्ही हात धरले, आणि त्याच दमात, कुणी न विचारता, चहाची गोष्ट सांगून टाकली. मॅडम रागावल्या नाहीत. "मावशी, हे माझ्याकडे निम्म्या घरांत झालेलं असतं," त्या म्हणाल्या. "सांगणारं मात्र एखादंच." मग त्यांनी केवळाबाईला विचारलं, की पुढच्या वेळी काकांना घेऊन जरा लवकर याल का, बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना ही चिमूट दाखवायला. रामकिशन खुर्चीत जरा ताठ झाला. बोलावणं म्हणजे बोलावणं, मग ते पंगतीचं असो की दवाखान्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवप्पा मुखेडला परत गेला, वैजनाथ रानात गेला. घरात दोघंच. केवळाबाईने चूल पेटवली आणि मॅडमला विचारून घेतलं होतं तसा रामकिशनपुरता चहा टाकला, गाळला, कोमट केला. चिमटीने पावडर सोडली. चहाला पाण्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून दहा मिनिटं थांबली. पळीची धार बघितली, सिरिंज बघितली. सगळं बरोबर. पेला त्याच्यापुढे धरला.

रामकिशनने ओठ मिटून घेतले.

"आता काय झालं? गुठळी हाय का?" तिने चमचा फिरवून बघितला. एकही नव्हती. "गार झाला का? साखर कमी हाय का?"

रामकिशनने डाव्या हाताने पातेल्याकडे दाखवलं. तळाशी बशीभर चहा उरला होता, पातळ, नेहमीचा. केवळाबाईचा चेहरा उतरला. "तो न्हाई जमायचा. अवो, तो तर..."

त्याने तसं नाही अशी मान हलवली. बोट पातेल्याकडे, मग तिच्याकडे. पुन्हा पातेल्याकडे, पुन्हा तिच्याकडे.

"मला पित्त होतं," केवळाबाई म्हणाली.

रामकिशन तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज निघाला नाही. कपाळावर घाम आला. मॅडमने शिकवलेलं सगळं एकवटून, एकेक शब्द ओढून काढत, तो बोलला. लकव्यानंतरचं त्याचं पहिलं धड वाक्य.

"म्या... मागितला... व्हता."

केवळाबाईने उठून पातेल्यातला चहा बशीत ओतला, त्याच्यासमोर बसली आणि बशी तोंडाला लावली. दीड महिन्याने. चहा आणि हुंदका एकदम घशात आले आणि तिला असा जोरदार ठसका लागला, की अर्धी बशी मांडीवर सांडली. ती खोकत राहिली, नाकातोंडातून पाणी, डोळे लाल.

रामकिशनने डावा हात लांबवला, खाटेच्या कडेवरचा पावडरचा डबा उचलला आणि तिच्यापुढे सरकवला. मग अंगठा आणि दोन बोटं चोळून दाखवली, आणि वाकड्या तोंडाने खदाखदा हसायला लागला.